आठ दिवस, तीन शहरं आणि बाटलीमागची चिठ्ठी (शांघाय – चिंगदाओ – बीजिंग)

चाकणकर_सुझोऊ
मंडळी, चीनमध्ये सुट्टी मिळत नाही, उसनी घ्यावी लागते. यंदा १ ते ८ ऑक्टोबर २०२५ अशी सलग आठ दिवस सुट्टी होती. त्यासाठी २८ सप्टेंबरचा रविवार आधी भरून दिला आणि ११ ऑक्टोबरचा शनिवार नंतर. राष्ट्रीय दिन आणि त्यांचा शरदाचा चंद्रोत्सव एकत्र आले होते, त्यामुळे निम्मा देश रस्त्यावर. अशा वेळी शहाणा माणूस घरात बसतो. आम्ही दोघं निघालो. दुसरा म्हणजे माझा सहकारी, मालवणचा. पुढे त्याला मालवणकरच म्हणतो.

बेत असा होता की तीन शहरांतले बार बघायचे आणि पुण्यात खिशाला न परवडणाऱ्या परदेशी बिअर इथे मनसोक्त प्यायच्या. इथे बिअरवर आयातशुल्क शून्य आहे. तेरा टक्के व्हॅट आणि वर मद्याचा उपभोग कर, तोही महागातल्या बिअरला टनामागे २५० युआन. म्हणजे लिटरला पाव युआन, आपले तीन रुपये. महाराष्ट्रातल्या माणसाने हा आकडा बसूनच वाचावा.

शांघाय: मी राहतो त्या सुझोऊहून गाडीने अर्धा तास. फाहुआझेन रस्त्यावर ‘पीजिऊ आयी’ म्हणजे ‘बिअरवाली मावशी’ या नावाने प्रसिद्ध दुकान आहे. मूळचं किराणा-सिगारेटचं छोटं दुकान, पुढे बिअरचंच झालं. भिंतीला फ्रिज लागलेत. आपण दार उघडायचं, बाटली काढायची, तिथेच टेबलाशी बसायचं. बेल्जियमच्या मठातल्या बिअर इथे कपाटात अशा रांगेने उभ्या असतात जशा आपल्याकडे सरबताच्या बाटल्या. मी रोशफोर १० घेतली, ११.३ टक्के. मनुका, काळा गूळ, थोडी जळकट चव. एक बाटली दोघांत घ्या. आम्ही घेतल्या दोन आणि मग भुयारी रेल्वेत उलट्या दिशेने चार स्टेशनं गेलो.

त्याच रात्री दुसऱ्या एका बारमध्ये (नाव घेत नाही) अमेरिकन आयपीए मागवली. ६८ युआन, आठशेच्या वर रुपये. पहिल्या घोटाला भिजलेल्या खोक्याचा वास. बाटली फिरवून बघितली. मागे चिनी भाषेतली पांढरी चिठ्ठी असते, आयात मालावर ती लागतेच. तिच्यावर उत्पादनाची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल; तिचा सगळा जीव हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) वासात, आणि तो पहिल्या काही महिन्यांत उडून जातो. त्यात जहाजाच्या कंटेनरमधली उष्णता. रोशफोरसारख्या जड बिअरला वय झालं तर ती मुरते, आयपीए शिळी होते. हे मला पुस्तकी माहीत होतं, आठशे रुपयांत पाठ झालं. पुढच्या सगळ्या प्रवासात आम्ही आधी चिठ्ठी वाचली, मग मेन्यू.

चिंगदाओ: अर्धा दिवस गाडीत. पोचलो तो दिवस २ ऑक्टोबर, म्हणजे दसरा. या शहरावर १८९८ ते १९१४ जर्मनांचा ताबा होता. १९०३ मध्ये जर्मन आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी इथे कारखाना काढला, तीच आजची त्सिंगताओ. १९१६ मध्ये तो जपान्यांनी विकत घेतला. देंगझोऊ रस्त्यावर जुनी इमारत अजून उभी आहे, त्यात संग्रहालय आहे आणि शेवटी न गाळलेल्या बिअरचा ग्लास हातात देतात. बाटलीवरच्या चित्रात जो छोटा मंडप दिसतो तो इथल्या समुद्रात शिरलेल्या धक्क्याच्या टोकाला प्रत्यक्ष उभा आहे. आम्ही बाटली डोळ्यासमोर धरून दोन्ही जुळवून बघितले, मागे चार-पाचशे माणसं हेच करत होती.

पण खरी गंमत संग्रहालयात नाही, गल्लीत आहे. दुकानाबाहेर फूटपाथवर स्टीलची पिंपं. बाई प्लास्टिकची पिशवी नळाला लावते, भरते, तराजूवर ठेवते, पुन्हा नळ थोडा सोडते, फेस खाली बसायची वाट बघते, पुन्हा वजन. बिअर इथे वजनावर विकतात, जिनाच्या हिशेबात. एक जिन म्हणजे अर्धा किलो. मग पिशवीचं तोंड आवळून त्यात स्ट्रॉ खुपसते. रसवंतीवरून पार्सल घ्यावं तसं. संध्याकाळी कामावरून घरी जाणारी माणसं बोटाला पिशवी अडकवून चाललेली, सायकलच्या हँडलला दोन पिशव्या हेलकावे खातायत. आम्हाला जिनाला ८ युआन पडले.

सोबत ‘गाला’. ताटली समोर आली आणि मालवणकर उभाच राहिला. “ह्यो तर तिसऱ्यो!” सुक्या लाल मिरचीवर मोठ्या आचेवर परतलेल्या. शिंपल्या उघडून तिखट रस ओढायचा आणि वर बिअर. पुढचा पाऊण तास तो एक शब्द बोलला नाही, ताटातला शिंपल्यांचा ढीग मात्र वाढत गेला. शेवटी एवढंच म्हणाला, “खोबरा नाय, पण चलता.” परदेशी बिअर प्यायचा नियम या शहरात आम्ही मोडला. इथे बेल्जियमची बाटली मागणं म्हणजे मालवणात जाऊन पनीर मागणं.

बीजिंग: साडेतीन तास. सानलीतुनचे बार आता चकचकीत मॉलच्या आसऱ्याने आहेत. मागची कळकट बारगल्ली २०१७ मध्ये पाडली. जुने लोक अजून तिच्या आठवणी काढतात, मी पाहिली नाही त्यामुळे मला दुःख नाही. आम्हाला ओढ होती हुतोंगमधल्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांमधल्या बिअरची. ग्रेट लीप नावाच्या मंडळींनी २०१० मध्ये अशाच एका गल्लीतल्या जुन्या वाड्यात सुरुवात केली. त्यांची ‘हनी मा गोल्ड’ मध आणि सिचुआनच्या मिरीची. पहिला घोट घेऊन मालवणकर थांबला. ग्लास नाकाशी नेला. जिभेचं टोक दातांवर घासून बघितलं. मग टेबलावर हात आपटून म्हणाला, “रे, ह्यां तिरफळ!”

बरोबर होतं त्याचं. सिचुआनची मिरी आणि आपलं तिरफळ सख्खी नाही तरी चुलत भावंडं, एकाच कुळातली. बांगड्याच्या तिखल्यात पडणारी ती मुंग्या आणणारी चव बीजिंगमध्ये बिअरच्या ग्लासात. शेजारच्या टेबलावरच्या चिनी पोरांना त्याने फोनवर भाषांतर करून बांगड्याची पाककृती सांगितली. भाषांतरात बांगड्याचं काय झालं देव जाणे, ती पोरं बराच वेळ हसत होती.

६ तारखेला दुपारी निघून संध्याकाळी घरी. त्या दिवशी कोजागरी. इथेही तोच चंद्र, तीच पौर्णिमा, फक्त दुधाऐवजी मूनकेक. गच्चीवर सोसायटीतली चार मराठी घरं जमली होती. फोटो टाकतो, जरा थांबा.

रिकामटेकडा
पहिला! दसरा + गांधी जयंती, अख्खा महाराष्ट्र ड्राय डे पाळतोय आणि हे महाशय पिशवीतून बिअर पितायत. कुठे फेडाल हे. बाकी फोटोंशिवाय फाऊल धरण्यात येईल.

गटारीचा_गणू
वाचनखूण साठवली. तिरफळाचा प्रसंग लै भारी. माझ्या घरी डब्यात तिरफळं आहेत आणि फ्रिजमध्ये एक बाटली आहे. टाकून बघू का?

चाकणकर_सुझोऊ
@गणू, ओतलेल्या ग्लासात टाकून काही होणार नाही, कडू लाकूड चघळल्यासारखं लागेल. बनवताना, उकळीच्या अखेरीस घालतात. आणि आतली काळी बी काढ, आईला विचार.

पंचांगवाला
कोजागरी आणि चिनी चंद्रोत्सव दरवर्षी एकत्र येत नाहीत. तो त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला असतो आणि बहुतेक वेळा आपल्या भाद्रपदी पौर्णिमेला पडतो. २०२४ मध्ये १७ सप्टेंबरला होता. यंदा त्यांनी सहावा महिना अधिक धरला, आपल्याकडे अधिक महिना नव्हता, म्हणून त्यांचा सण महिनाभर पुढे सरकून कोजागरीवर आला. २०२६ मध्ये पुन्हा फाटाफूट, त्यांचा २५ सप्टेंबरला. आपला अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे कोजागरी ऑक्टोबरच्या अखेरीस. बिअरबद्दल काही कळत नाही, क्षमस्व.

साबुदाणा
मी शाकाहारी आहे, पिते थोडीशी. नवरा कामासाठी ग्वांगझूला जातो, पुढच्या खेपेला मीही जाणार. बारमध्ये बरोबर खायला काय मिळतं? शेंगदाण्यांवर रात्र काढावी लागते का?

शेन्झेनचा_मुक्काम
@साबुदाणा ताई, अजिबात नाही. तीन नावं पाठ करा. ‘पाय ह्वांगक्वा’, म्हणजे सुरीच्या पात्याने ठेचलेली काकडी, लसूण-व्हिनेगर घालून. ‘माओदोउ’, म्हणजे उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, अगदी आपल्या मिठातल्या भुईमूग शेंगांसारख्या. आणि भाजलेल्या पदार्थांच्या गाड्यावर लसूण घालून भाजलेलं अख्खं वांगं, याला ‘काओ छिएझ’ म्हणतात. वांग्यावर कधीकधी खिमा भुरभुरवतात, म्हणून आधी ‘वो छ सू’ म्हणा, मी शाकाहारी. तरी ऑयस्टर सॉस कुठे पडलंय हे देवाला माहीत, फार खोदून विचारू नका.

ग्वांगझूला नवऱ्याला सांगा, झूज्यांग बिअरच्या कारखान्यालगत नदीकाठी बारची अख्खी रांग आहे, पार्टी पियर म्हणतात. वारा छान लागतो.

आमच्या शेन्झेनमध्ये शेकोउला ‘सी वर्ल्ड’. मधोमध एक अख्खं जहाज उभं आहे, मिंगहुआ. १९६२ चं फ्रेंच प्रवासी जहाज, १९८३ मध्ये इथे आणून कायमचं टेकवलं. नंतर समुद्र भरून काढत गेले आणि आता जहाजाच्या चारी बाजूंना जमीन आणि बिअरचे ग्लास. पहिल्यांदा बघणाऱ्याला दोन ग्लासांनंतर प्रश्न पडतोच की जहाज इथवर आलं कसं.

हाँगकाँगी
आयात बिअर प्यायला मुख्य भूमीवर जायचंच कशाला? आमच्याकडे २००८ पासून बिअर आणि वाइनवर करच नाही.

शेन्झेनचा_मुक्काम
@हाँगकाँगी, कर नाही पण तुमच्याकडे बारचं भाडं ग्लासात मिसळून येतं. शुक्रवारी संध्याकाळी सीमा ओलांडून इकडे कोण येतं ते आम्ही बघतो.

हाँगकाँगी
बरं. भावना पोचल्या.

उलटतपासणी
मला एक शंका. शांघायच्या सुपरमार्केटमध्ये मी डझनभर ‘जर्मन’ बिअर पाहिल्या. गॉथिक अक्षरं, किल्ला, सिंह, सगळं. जर्मनीत सात वर्षं काढली, त्यातली निम्मी नावं तिथे कधी ऐकली नाहीत. हे काय प्रकरण आहे?

चाकणकर_सुझोऊ
यात दोन जाती आहेत. एक खरंच जर्मनीत भरलेली, पण फक्त निर्यातीसाठी काढलेलं नाव. ती पिण्याजोगी असते आणि स्वस्त. अर्ध्या लिटरचा डबा मला १० युआनच्या आत मिळालाय. दुसरी शानतुंगमधल्या एखाद्या कारखान्यात भरलेली आणि सिंह लावलेली. ओळखायचं कसं, तर बारकोड बघायचा. ६९० ते ६९९ ने सुरू झाला की चिनी, ४०० ते ४४० जर्मन, ५४ बेल्जियम.

उलटतपासणी
इथे थोडी दुरुस्ती. बारकोडचे पहिले आकडे कंपनीने तो कुठे नोंदवलाय ते सांगतात, माल कुठे बनला ते नाही. आपला ८९० असलेला मालही बाहेर बनलेला असू शकतो. पांढऱ्या चिठ्ठीवर ‘युआनछान क्वो’ अशी ओळ असते, उत्पादक देश. तीच खरी.

चाकणकर_सुझोऊ
मान्य. बारकोडवर विसंबून मी मालवणकराला तीन दिवस ज्ञान दिलंय, आता त्याला काय सांगू.

अर्धवट_ज्ञानी
त्या चिठ्ठीवर १०°P वगैरे लिहिलेलं असतं. मी १० टक्के समजून घाबरून अर्धीच प्यायलो होतो. सकाळी डोकं अजिबात दुखलं नाही तेव्हा संशय आला.

चाकणकर_सुझोऊ
तो मद्यांश नाही. आंबवण्याआधीच्या रसात माल्टची साखर वगैरे किती विरघळली होती त्याचा आकडा, शंभर ग्रॅममागे ग्रॅम. ८ किंवा १० अंशाची साधी चिनी लागर मद्यांशाने अडीच ते चार टक्क्यांतच असते, तो आकडा शेजारी ‘vol’ लिहून वेगळा दिलेला असतो. म्हणूनच इथली माणसं खोक्याने पितात आणि तरी सरळ चालतात. आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’वर वाढलेल्याला ती पाणी वाटते. मलाही पहिले सहा महिने वाटली. तिखट भाजलेल्या पदार्थांबरोबर मात्र तीच लागते, तिथे जड बिअर दोन सीखांत थकवते.

हार्बिनची_थंडी
चाकणकर, तुम्ही ऑक्टोबरात गेलात म्हणून निभावलं. हाच बेत कुणी चिनी नववर्षाच्या सुट्टीत करू नका. बीजिंग, शांघायची माणसं गावी जातात, छोटे बार आठवडा-पंधरवडा शटर ओढून बसतात. २०१९ ला मी शांघायमध्ये चार दिवस हॉटेलच्या फ्रिजवर काढलेत.

अपवाद आमचं हार्बिन. हिवाळा हाच हंगाम. इथली हार्बिन बिअर चीनमधली सर्वांत जुनी, १९०० ची. रेल्वे बांधायला रशियन आले, त्यांच्या तहानेपोटी कारखाना निघाला. २००४ पासून मालकी अमेरिकन, मग बेल्जियन वळणाने मोठ्या कंपनीकडे गेली ते असो. उणे वीसमध्ये दुकानदार खोकी बाहेर ठेवत नाहीत, आत ठेवतात, नाहीतर बाटल्या फुटतात. फ्रिज हा इथे बिअर *गरम* ठेवायचं यंत्र आहे. बरोबर लाल सॉसेज, रशियन वळणाचं, लसूण भरपूर.

रिकामटेकडा
“फ्रिज हे बिअर गरम ठेवायचं यंत्र”. कडक!

मीनल_प्र
गंभीर प्रश्न. एकटी बाई शांघायमध्ये रात्री बारमध्ये जाऊ शकते का? डिसेंबरमध्ये कामासाठी दहा दिवस आहे.

पूर्वाश्रमीची_बीजिंगकर
@मीनल, मी बीजिंगला दोन वर्षं शिकायला होते. रात्री साडेबाराला एकटी हुतोंगमधून चालत आलेय, पुण्यात आले नसते. रस्त्याची भीती नाही. भीती आहे ती गोड बोलणाऱ्यांची. शांघायच्या नानजिंग रस्त्यावर किंवा बीजिंगच्या वांगफुजिंगला दोन हसऱ्या मुली किंवा एखादा सभ्य मुलगा येतो, फोटो काढून देता का, इंग्रजीचा सराव करायचाय, इथेच एक छान जागा आहे. जागा त्यांनी निवडली की उठायचं. माझ्या वर्गातल्या मुलाने दोन बिअर आणि एक फळांची ताटली यांचे २,४०० युआन भरले. दारात दोन धिप्पाड इसम उभे होते, त्यामुळे घासाघीस झाली नाही. नंतर पोलिसांकडे गेला, काही पैसे परत मिळाले म्हणे.

दुसरं, ‘शंभर युआनमध्ये कितीही प्या’ असल्या पाट्यांखाली शिरू नकोस. बिअर सहसा ठीक, पण तिथली व्होडका-व्हिस्की कसली असते सांगता येत नाही. मुकाट्याने बाटलीबंद बिअर, समोर उघडलेली.

आणि ‘गानबेई’ म्हटलं की ग्लास रिकामा करायचा असतो. नको असेल तर हसून ‘स्वेई-यी’ म्हण, म्हणजे आपापल्या सोयीने. कुणी वाईट वाटून घेत नाही. ग्लास भिडवताना मोठ्यांपेक्षा आपला काठ जरा खाली धरायचा, एवढं केलंस तर कंपनीतले म्हातारे खूश.

मीनल_प्र
खूप आभार! स्वेई-यी लिहून ठेवलं.

गटारीचा_गणू
पैसे कसे देता? रोख चालतात का?

चाकणकर_सुझोऊ
चालायला हवेत, पण सुट्टे कुणाकडेच नसतात. अलीपे उतरवून आपलं कार्ड आधीच जोडून या. पिशवीवाल्या बाईच्या पिंपालाही क्यूआर कोड चिकटवलेला होता. रेल्वेचं तिकीट मात्र पंधरा दिवस आधी खुलतं आणि या सुट्टीत तासाभरात संपतं, गजर लावून बसा.

अजून एक राहिलं. साध्या खानावळीत बिअर मागितली की बाई विचारते, ‘बिंग द? छांगवन द?’ मालवणकराने नुसती मान हलवली आणि जमिनीवरच्या क्रेटमधली कोमट बाटली पुढ्यात आली. गार हवी तर ‘बिंग द’. हे एक वाक्य आलं की चीनमध्ये जगता येतं.

जुना_येवू
आम्ही येवूला मालाच्या खरेदीला जातो, वीस वर्षं. तुमच्या जिंगन्यांग-फिंगन्यांगचे (क्राफ्ट बिअरचे) पन्नास-साठ युआन देणारा व्यापारी अजून बघितला नाही. हल्ली झंगझोऊच्या ‘फुलूज्या’ नावाच्या साखळीची दुकानं गावोगाव निघालीत, सहा-सात युआनपासून ताज्या बिअरचा ग्लास. परवाच बातमी होती, स्वस्त चहा-आइस्क्रीमवाल्या मीश्वेने त्यांचा ५३ टक्के हिस्सा घेतला. आता बघा, कोपऱ्याकोपऱ्यावर होणार. तुमचे वाड्यातले बार पुढच्या खेपेला असतील का सांगता येत नाही.

पूर्वाश्रमीची_बीजिंगकर
@जुना_येवू, ही भीती मला २०१७ पासून आहे. तरी वाड्यातल्या मंडळींचा खट्याळपणा साखळीला जमणार नाही. जिंग-ए म्हणून एक आहेत, नाव बीजिंगच्या जुन्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरून घेतलेलं. धुरकं फार असायचं त्या काळात त्यांनी ‘एअरपोकॅलिप्स’ नावाची आयपीए काढली होती, हवा जितकी वाईट तितकी स्वस्त. आम्ही विद्यार्थी सकाळी उठून खिडकीबाहेर समोरची इमारत दिसते का बघायचो. नाही दिसली की संध्याकाळचा बेत पक्का.

रिकामटेकडा
हे पुण्यात आत्ता सुरू करा कुणीतरी. फोटो कुठे आहेत, चाकणकर?

चाकणकर_सुझोऊ
फोटो मालवणकराच्या फोनमध्ये आहेत. त्यातले ४० फक्त तिसऱ्यांचे. निवडून टाकतो.

साबुदाणा
आणि कोजागरीचं काय झालं ते सांगितलंच नाहीत.

चाकणकर_सुझोऊ
दूध आटवायला ठेवलं गच्चीवरच्या इंडक्शनवर. शेजारचे चिनी आजोबा मूनकेकचा डबा घेऊन आले, आत कमळबियांचा गोड लगदा आणि मधोमध खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक. शांघायहून आणलेली शेवटची रोशफोर मी त्याबरोबर उघडली. गोड-खारट घासावर ती काळी बिअर अशी बसली की बोलायची सोय नाही. आजोबांना मसाला दुधाचा पेला दिला. त्यांनी केशराकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं, आम्ही चौघं फोनवर ‘केशर’ शोधण्यात गुंतलो आणि मागे दूध उतू गेलं. चंद्र ढगातून पाच मिनिटं आला, तेव्हा मालवणकर इंडक्शन पुसत होता.

साबुदाणा
बिचारा. त्याच्यासाठी निदान थोडी रोशफोर ठेवली होतीत ना?

चाकणकर_सुझोऊ
आजोबांनी संपवली. गानबेई म्हणाले.